हात दाखवून अवलक्षण टाळण्यासाठी

वाचकहो, उद्या तुमच्या हाती एखादी महासत्ता आली आणि दूरच्या एखाद्या देशातील मतदारांनी तुम्हाला न विचारता आपला राष्ट्राध्यक्ष निवडला, तर गोंधळून जाऊ नका. अशा वेळी काय करावे, याचा धडा अमेरिकेने चिलीत पुरता गिरवून ठेवलेला आहे, आणि त्याची खर्चाची वहीही आता वाचायला मिळते.

४ सप्टेंबर १९७० रोजी साल्वादोर अयेंदे या समाजवादी डॉक्टराने तिथे सर्वाधिक मते मिळवली. त्यानंतर अकराव्या दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सुरक्षा सल्लागार किसिंजर, महान्यायवादी मिचेल आणि सीआयए या गुप्तहेर संस्थेचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांना बोलावून घेतले. तुम्हीही बैठक अशीच लहान ठेवा, आणि टिपणे घेणारा माणूस मात्र तीत मुळीच बसवू नका, कारण हेल्म्स यांनी त्या दिवशी जे कागदावर खरडले ते पुढे साऱ्या जगाने वाचले: यशाची शक्यता दहात एक असेल, पण चिली वाचवा, धोक्याची फिकीर नाही, वकिलातीला यात गुंतवायचे नाही, १ कोटी डॉलर उपलब्ध, लागल्यास आणखी, तिथल्या अर्थव्यवस्थेला किंकाळी फोडायला लावा. यातली वकिलातीविषयीची सूचना मला विशेष मोलाची वाटते. राजदूताला काही माहीतच नसले की तो मनापासून इन्कार करतो, आणि मनापासून केलेल्या इन्काराला जो सूर लागतो तो शिकवून येत नाही.

पहिली अडचण बहुधा सैन्यातूनच येते. चिलीचे सरसेनापती रेने श्नायडर यांचा असा चमत्कारिक समज होता की, लष्कराने राज्यघटना पाळायची असते. त्यांना पळवून नेण्याचा बेत ठरला, २२ ऑक्टोबरला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि तीन दिवसांनी ते गेले. सीआयएने बंदुका दिल्या त्या एका टोळीला आणि गोळ्या झाडल्या दुसऱ्या टोळीने, हा मुद्दा पुढे फार उपयोगी पडला; तेव्हा टोळ्या नेहमी किमान दोन ठेवाव्यात. नोव्हेंबरात या दुसऱ्या टोळीतल्या, अटकेतून निसटलेल्या एकाने मदत मागितली तेव्हा ३५,००० डॉलर देण्यात आले. का दिले, हे सीआयएने २००० साली अमेरिकी संसदेला सादर केलेल्या अहवालात नमूद आहे: जुने संबंध गुप्त राहावेत, टोळीची मर्जी राखावी आणि मानवतावादी कारणे. मानवता या शब्दाचा इतका काटकसरीचा वापर मी तरी अन्यत्र पाहिलेला नाही.

अयेंदे तरीही सत्तेवर आलेच. अशा वेळी धीर सोडू नये, केवळ खर्च चालू ठेवावा. सिनेटच्या समितीने पुढे काढलेल्या हिशेबानुसार तीन वर्षांत गुप्त कारवायांवर सुमारे ८० लाख डॉलर गेले, त्यांतले किमान १५ लाख ‘एल मेर्कुरियो’ या एकाच वृत्तपत्राला. सरकारला मिळणारी कर्जे आटली, लष्कराला मिळणारी मदत मात्र चालू राहिली. घरमालकाचे पाणी तोडायचे आणि रखवालदाराचा पगार वाढवायचा, म्हणजे घरात काय होणार हे वेगळे सांगावे लागत नाही.

११ सप्टेंबर १९७३ रोजी ब्रिटिश बनावटीच्या विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या ला मोनेदा प्रासादावर बॉम्ब टाकले, अयेंदे यांनी आत स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि जनरल पिनोशे स्थानापन्न झाले. पाच दिवसांनी फोनवर निक्सन म्हणाले की, या प्रकरणात आपला हात दिसत नाही. किसिंजर यांनी खुलासा केला की, आपण ते केले नाही, आपण त्यांना मदत केली. हा भेद नीट पाठ करा. महिनाभरात किसिंजर यांना शांततेचे नोबेल जाहीर झाले; ते व्हिएतनामसाठी होते, ही गोष्ट निराळी.

नव्या राजवटीला जागेची चणचण भासते, कारण तुरुंग अपुरे पडतात. सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये हजारो माणसे कोंडली होती, तरी फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता सामन्याआधी फिफाचे निरीक्षक तिथे जाऊन सर्व शांत असल्याचे सांगून आले. सोव्हिएत संघाने त्या मैदानावर खेळायला नकार दिला, म्हणून २१ नोव्हेंबरला चिलीच्या खेळाडूंनी समोर कोणीही नसताना चेंडू पुढे नेला आणि रिकाम्या जाळ्यात गोल केला. विरोधी पक्ष नसलेल्या संसदेचे कामकाज कसे चालते, हे समजावून सांगायला याहून सुबोध प्रात्यक्षिक नाही.

तीन हजारांहून अधिक मृत आणि बेपत्ता, तुरुंग व छळातून वाचलेले सुमारे ३८,०००, हे आकडे चिलीच्या आयोगांनी मोजले. महासत्तेच्या वहीत त्यांच्यासाठी रकाना नसतो. तिथे १९७५ मध्ये गुप्त पोलीसप्रमुख मानुएल कोंत्रेरास यांना दिलेले एकवेळचे मानधन सापडते. जून १९७६ मध्ये किसिंजर यांनी सांतियागोत पिनोशे यांना आपली सहानुभूती कळवली, आणि सप्टेंबरमध्ये कोंत्रेरास यांच्याच खात्याने चिलीचे माजी मंत्री ओर्लांदो लेतेलिएर यांना त्यांच्या अमेरिकन सहकारी महिलेसह मोटारीत बॉम्ब ठेवून ठार मारले, तेही थेट वॉशिंग्टनच्या रस्त्यावर. पोसलेला कुत्रा अंगणातच चावतो, एवढी जोखीम धरूनच चालावे.

शिक्षेची चिंता मात्र नको. हेल्म्स यांना १९७३ मध्ये सिनेटपुढे विचारले होते की, चिलीचे सरकार पाडण्याचा प्रयत्न केला का, अयेंदे यांच्या विरोधकांना पैसे दिले का. दोन्हींना त्यांनी ‘नाही’ म्हटले होते. त्याबद्दल १९७७ मध्ये त्यांना २,००० डॉलर दंड आणि स्थगित ठेवलेली कैद झाली. त्याच दिवशी ते निवृत्त सहकाऱ्यांच्या भोजनाला गेले, तिथे सर्वांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, कचऱ्याच्या टोपल्या टेबलांवरून फिरल्या आणि दंडाची रक्कम जागीच जमली.