फक्त व्हिमची परवानगी? ती रूटचीच परवानगी

‘सुडोअर्समध्ये (लिनक्सवर कोणी सुडोने काय चालवायचं ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) सहकाऱ्याला फक्त व्हिम हा टेक्स्ट एडिटर चालवू द्या, बाकी सर्व्हर सुरक्षित राहतो,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. सुडो या कमांडने उघडलेला व्हिम रूट, म्हणजे सर्व हक्क असलेला वापरकर्ता, म्हणून चालतो. त्यातच कोलन, उद्गारचिन्ह आणि बॅश टाइप केलं की रूटचा शेल, म्हणजे हवी ती कमांड चालवण्याची जागा, हातात येतो. मग सगळा सर्व्हर त्याचाच. फाइल वाचायच्या लेस या प्रोग्राममध्येही हीच पळवाट आहे.

एखादी कॉन्फिग फाइलच बदलू द्यायची असेल, तर सुडोअर्समध्ये सुडोएडिट (सुडोचीच फाइल बदलण्याची सोय) आणि त्या फाइलचा पूर्ण पाथ लिहा. त्यात एडिटर त्या माणसाच्याच हक्कांनी, तात्पुरत्या प्रतीवर चालतो. सेव्ह केलेला बदल सुडो मूळ फाइलमध्ये उतरवतो. ही नोंद कृपया व्हीआयसुडो या सुडोअर्स बदलण्याच्या साधनानेच करा. वाक्यरचना चुकली, तर ते नोंद लागू होण्याआधीच सांगतं.