दोन दिवसांत गुहागर जमणार नाही

कोकण किनाऱ्याच्या कारसहलीवरच्या लेखातलं, धुळ्याहून शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत हरिहरेश्वर ते गुहागर 'आरामात' होतं, हे वाक्य पटलं नाही. जातानाच चारशेवर किलोमीटर, शनिवार तिथेच संपतो. शिवाय बागमांडला-वेश्वी आणि दाभोळ-धोपावे या दोन फेरीबोटींच्या रांगांचा वेळ धरलेलाच नाही. पहिल्या फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून हर्णैपर्यंत जा, बस्स.

आणि ब्रेकबद्दल एक शब्द नाही! आपल्या खान्देशात सरळ रस्त्यांची सवय. किनाऱ्यालगतचे तीव्र उतार सतत ब्रेक दाबून उतरलात तर पॅड तापतात, ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल एकदम मऊ पडून खाली जातं. दुसऱ्या गिअरवरच उतरा, न्यूट्रल तर नकोच. परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. खाऱ्या हवेने आधी नटबोल्ट गंजतात.