कंपनीची गाडी ठोकली की एक्सेस तुमच्याच माथी? कोण म्हणतं?

एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. "कंपनीच्या गाडीचं नुकसान झालं तर इन्शुरन्सचा एक्सेस चालवणाऱ्यालाच भरावा लागतो, नियमच आहे. चूक कुणाचीही असो. कंपनी न विचारता पगारातून कापू शकते, आणि एकदा भरला की विषय संपला." लोक घाबरून पुढे ढकलतायत, म्हणून जरा एकेक वाक्य घेऊ.

"नियमच आहे."
कुठला? एक्सेस, काही जण डिडक्टिबल म्हणतात, म्हणजे क्लेममधला तो पहिला हिस्सा जो विमा कंपनी देत नाही. दुरुस्ती 60 हजारांची, एक्सेस 15 हजार, तर विम्याचे 45 हजार मिळणार. आता पॉलिसी कंपनीच्या नावावर, प्रीमियम कंपनी भरते, मग उरलेले 15 हजार आधी कंपनीच्याच अंगावर पडतात ना, विमावाल्यांचा तुमच्याशी करारच नाहीये. आणि एक्सेस किती ठेवायचा हेही साहेबांनीच ठरवलेलं असतं, कारण तो जास्त घेतला की प्रीमियम कमी होतो. ती बचत काही तुमच्या पगारात आलेली नसते! तो बोजा तुमच्याकडे सरकवायचा तर मधे काहीतरी लेखी लागतं, नेमणुकीच्या करारातलं कलम किंवा गाडी ताब्यात देताना सही करून घेतलेला कागद. असा कागद असेल तर मात्र भरावं लागू शकतं, त्यामुळे "नोकराला कधीच भरावं लागत नाही" असं ठोकून देणारेही तितकेच चुकतायत.

"चूक कुणाचीही असो."
हे सगळ्यात चीड आणणारं वाक्य. जर्मनीत कोर्टांनी यावर चांगली वाट काढलीय. कामावर असताना अगदी किरकोळ चूक झाली तर नोकर काहीच देणं लागत नाही, मध्यम हलगर्जीपणा असेल तर नुकसान दोघांत वाटलं जातं, आणि दारू पिऊन चालवण्यासारखा घोर निष्काळजीपणा किंवा मुद्दाम केलेलं असेल तर सहसा सगळं नोकरावर. कंपनीने गाडीचा फुल विमाच काढला नसेल तर मधल्या प्रकारात नोकराचा वाटा, विमा असता तर जेवढा एक्सेस लागला असता, तेवढ्यावरच थांबू शकतो. भारतात 1936 च्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टमध्येही सांभाळायला दिलेल्या मालाच्या नुकसानीची कपात नोकराच्या हलगर्जीमुळेच नुकसान झालं असेल तरच करता यायची, आणि आता 2019 ची वेतन संहिता लागू झाली तरी ती अट तशीच आहे. म्हणजे उभ्या गाडीला मागून कुणी ठोकलं तर त्यात तुमची हलगर्जी ती कुठली?

"न विचारता कापू शकते."
नाही. भारतात कापायच्या आधी तुमचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. ब्रिटनमध्ये 1996 च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टचं कलम 13 आहे, करारात तरतूद किंवा तुमची आधीची लेखी संमती नसेल तर अशी कपात बेकायदा. यातलं "आधीची" महत्त्वाचं. अपघात झाल्यावर घेतलेली संमती त्या अपघाताच्या कपातीला चालत नाही. माझ्यासमोर एकदा एचआरने ठोकल्याच्या दुसऱ्या दिवशी "फॉर्मॅलिटी आहे, सही करा" म्हणून फॉर्म सरकवला होता, मी वाचायला घरी नेतो म्हटलं, पुन्हा कुणी विचारलं नाही.

"भरला की विषय संपला."
इथेच लोकांचे पैसे जातात. समोरच्याची चूक ठरली तर कंपनी तिचा एक्सेस समोरच्याकडून किंवा त्याच्या विम्याकडून वसूल करू शकते, मग तुमच्याकडून घेतलेले पैसे तुम्हाला परत यायला हवेत, नाहीतर कंपनीला एकाच खर्चाचे दोनदा मिळाले. हे आपणहून कुणी सांगत नाही, दोनचार महिन्यांनी मेल टाकून विचारावं लागतं.

दुसरं, दुरुस्ती 8 हजारांत झाली आणि एक्सेस 15 हजार, तर क्लेमच होत नाही, मग तुमच्याकडे 15 मागायचं कारण काय? गॅरेजचं बिल मागा. आणि बऱ्याच गाड्या असणाऱ्या काही कंपन्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा काढतच नाहीत, खर्च स्वतः सोसतात, तरी स्लिपवर "इन्शुरन्स एक्सेस" छापतात. तो एक्सेस नाही, कंपनीचा स्वतःचा दंड आहे, तेव्हा पॉलिसीची कॉपी दाखवा म्हणायचं. पॉलिसीत तो आकडाच नसला तर बोलणी तिथूनच सुरू करायची.