रापणीत मॅनेजर असतो का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. प्रतिक्रिया परवाच वाचली होती, पण मालवणात दोन दिवस विजेचा लपंडाव चालू होता, म्हणून उशीर.

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: सॉफ्टवेअर कंपनीला मॅनेजर हवेतच, असं लिहून मी जुन्या साहेबशाहीची वकिली केली. शिवाय टोला, 'किनाऱ्यार ऱ्हवतास मा? मग सांगा, रापणीक खंयचो मॅनेजर असता?'

असता. तेका तांडेल म्हणतत.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं. तिचा दोर मीही ओढलाय. होडी जाळं सोडत अर्धगोल मारून परत येते, मग दोन्ही टोकांना माणसं लागतात. ओढणाऱ्याला वाटा मिळतो, जाळ्याचा नि होडीचा वेगळा निघतो. पण जाळं कधी टाकायचं यावर मतदान होत नाही. पाण्याचा रंग बघून तांडेल, म्हणजे त्यातला जाणता माणूस, सांगतो, बाकीचे वाळूत पाय रोवतात. एक बाजू पुढे गेली की शिव्याही तोच घालतो. वाटा कुणाला किती आणि शब्द कुणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मागच्या लेखात मी त्यांची खिचडी केली, हे कबूल.

आमच्या कंपनीने पदं काढून टाकली तेव्हा सगळ्यात खूश मी होतो. मग एका शुक्रवारी संध्याकाळी रिलीजनंतर, म्हणजे ॲपमधले नवे बदल ग्राहकांसाठी सुरू केल्यावर, पेमेंट अडकू लागली. चॅटवर आम्ही सहाजण. 'मागे घेऊया का?' 'माझी हरकत नाही.' 'बाकीच्यांना काय वाटतं?' असं दीड तास. इकडे इन्व्हर्टर टुकटुक करतोय. शेवटी बदल मागे घेतला, पण कधी? जुन्या टीम लीडने 'घ्या' लिहिलं तेव्हा. पद गेलं होतं, वजन कुठे गेलं होतं!

स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवाल्या कंपनीचं उदाहरण तुम्ही दिलंत. स्क्वॉड (आपलं काम आपणच ठरवणाऱ्या छोट्या टीम) आणि ट्राइब (अशा टीमचे गट) वाला, त्यांच्या कामाच्या पद्धतीवरचा तो २०१२ चा लेख मुळातून वाचा. ही आमची सध्याची स्थिती, प्रवास अजून चालू आहे, असं लिहिणाऱ्यांनीच त्यात म्हटलंय. आपल्याकडे मात्र त्याची पोथी झाली.

जुन्या उतरंडीबद्दल तुमचा राग रास्तच आहे. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तशीच त्यांच्या सिस्टिमची रचना होते. माझ्या आधीच्या नोकरीत तीन विभागप्रमुखांचं आपसात पटत नव्हतं. ग्राहकाला एकाच ॲपमध्ये तीनदा लॉगिन करावं लागायचं. बटणाचा रंग बदलायला तीन सह्या. तिकडे परत जायचं नाहीच मला.

सध्या आम्ही प्रत्येक रिलीजच्या नोंदीत एक नाव लिहितो: मागे घ्यायचं ठरलं तर शेवटचा शब्द कुणाचा. या महिन्यात ते नाव आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलीचं आहे. तिचा पगार माझ्या निम्म्याहून कमी. त्यावरून मला धारेवर धरलं असतंत, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.