न विचारलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी उत्तरं घालू नका

शेतकरी आत्महत्या, कापसाचा उत्पादन खर्च, पीककर्ज, बचत गट. यवतमाळ-वाशीमकडे अर्थशास्त्र-समाजशास्त्राच्या पीएचडीचे विषय फिरून फिरून इथेच येतात, आणि यायलाच हवेत. माझा राग आहे तो प्रबंधातल्या एका ओळीवर : ‘तालुक्यातील दोनशे शेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली.’ खरंच घेतली का?

मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो, असे गठ्ठे हाताळलेत. खरा गठ्ठा लगेच ओळखू येतो. कागद घडी पडून मळलेले. उत्पन्नाच्या रकान्यात एक आकडा खोडून दुसरा, कारण शेतकरी आधी विचारतो, “सर, बँकेत सांगतो थे सांगू का खरं सांगू?” सावकाराचा विषय निघाला की पुढचे प्रश्न कोरे. सासरा ओसरीवर बसलेला असेल तर सुनेची निम्मी उत्तरं ‘माहीत नाही’. खोटा गठ्ठा मात्र कोराकरकरीत, एकाच पेनाचा, आणि दोनशेच्या दोनशे जणांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलेली! तो खोलीवर बसून भरलेला असतो.

यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम केले. दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. नियम हवाच होता. पण सॉफ्टवेअर शब्द जुळवून बघतं, मनानं टाकलेला आकडा त्याला कसा सापडणार? माझ्या लेखी हा गुन्हा उतारा चोरण्याहून मोठा आहे. ज्याला कुणी काही विचारलंच नाही, त्याच्या नावावर उत्तर खपवायचं, आणि पुढचा विद्यार्थी तेच संदर्भ म्हणून घेणार.

छपाईची तऱ्हाही तीच. २०१० मध्ये एपीआय, म्हणजे प्राध्यापकांचं काम गुणांत मोजायची पद्धत आली, बढतीसाठी पेपरला गुण मिळू लागले आणि पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलांचं पीक आलं. मे २०१८ मध्ये यूजीसीला स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं काढावी लागली. नंतर आलेली मान्य जर्नलांची ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद झाली; आता पारख संस्थांनीच करायची. आमच्याकडे पारख म्हणजे आयएसएसएन नंबर आहे का, एवढंच. अहो, तो नियतकालिकाचा ओळख क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे.

आणि हे सगळं त्याच विदर्भात, जिथे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि तुलनेला ४७ गावं ठेवली. गावातल्याच बाया घरोघर जाऊन बाळ तपासायच्या, नोंद ठेवायच्या. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी बाळ बघायला जातात, त्यामागे या नोंदींचा मोठा आधार आहे. त्या जर कुणी घरी बसून भरल्या असत्या तर?

‘गाव लांब आहे, एसटी नाही’ ही सबब मला ऐकायची नाही. प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्तीही यूजीसीनं २०२२ मध्ये काढली, म्हणजे तीही घाई उरली नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, दोनशे जमत नसतील तर साठ भरा आणि प्रबंधात साठच लिहा. गाईडनं एकदा तरी सोबत गावात जावं. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी मूळ कागद टेबलावर मागवा, त्यातले पाच उचला आणि त्या गावात चौकशी करा. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना एवढं करायला कुणाच्या परिपत्रकाची गरज नाही.