गिट्टी पाणी खाली ओढत नाही

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप गटांत पावसाच्या तोंडावर एक संदेश फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: पहिला पाऊस तापलेल्या, कोरड्या जमिनीतून थेट बोरिंगपर्यंत पोचतो, ऑगस्टमध्ये जमीन तुडुंब असल्याने तेव्हाचं पाणी मुरतच नाही, म्हणून आत्ताच अंगणात खड्डा खणा, तळाला गिट्टी घाला, वर काळी माती भरा, गिट्टी पाणी खाली ओढेल. खड्ड्यावर पैसे घालण्याआधी कृपया हे वाचा.

कोरडी माती पाणी भराभर पिते, हे खरं आहे. पण प्यायलेलं पाणी ती खाली देत नाही. चिकण मातीची सूक्ष्म छिद्रं पाणी घट्ट धरून ठेवतात आणि वरचा थर पुरेसा भिजल्याशिवाय खालच्या थराच्या वाट्याला काही येत नाही. मे अखेरीस काळ्या मातीच्या दर 10 सेंटिमीटर थराला भिजायला 20 मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. मग 25 मिलिमीटरची सर जेमतेम 12-13 सेंटिमीटर उतरून थांबते. सोयाबीन पेरण्याआधी साधारण 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, असं माळव्यात सांगतात ते उगीच नाही.

भेगांचं काय? उन्हाळ्यात काळी माती तडकते आणि जोराचा पाऊस त्या भेगांतून खोल जातो, हे मान्य. तरी त्यातलं बरंचसं भेगांच्या कोरड्या भिंतीच शोषतात. माती फुगली की भेगाही मिटतात.

ऑगस्टचं उलट आहे. तेव्हा दर 10 सेंटिमीटरला 5 मिलिमीटरच पुरत असेल, तर तीच 25 मिलिमीटरची सर अर्ध्या मीटरपर्यंत जाते. शिवाय छिद्रांत हवेऐवजी पाणी असलं की पाण्याची वाट सलग होते. फुगलेली काळी माती पाणी फार सावकाश घेते, त्यामुळे धो-धो पाऊस वाहून जातो, एवढं मात्र संदेशात बरोबर आहे. संततधार मुरते, आणि भूजलात भर पडते ती बहुतेक याच दिवसांत.

आता गिट्टी, कारण खर्च तिथेच आहे. बारीक छिद्रांतलं पाणी मोठ्या पोकळीत आपणहून उतरत नाही; बारीक छिद्रांची ओढच जास्त असते. म्हणून माती आणि गिट्टी भेटतात तिथे पाणी थांबतं, आडवं पसरतं. वरची माती जवळजवळ संपृक्त झाली, तरच ते गिट्टीत गळू लागतं. म्हणजे गिट्टीने माती कोरडी होत नाही, उलट तिच्यावर चिखल साचतो. पटत नसेल तर तळाला भोक पाडलेल्या पारदर्शक बाटलीत खाली गिट्टी आणि वर कोरडी माती भरून हळूहळू पाणी घाला. ओलीची रेघ गिट्टीपाशी अडलेली दिसेल. कुंडीच्या तळाशी खडे घालणाऱ्यांनीही हा प्रयोग करावा.

बोरिंगसाठी खड्डा करायचाच असेल तर काळ्या मातीचा थर पार करून मुरुमापर्यंत न्या. वरपर्यंत गिट्टी आणि तिच्यावर जाड वाळू भरा, काळी माती अजिबात नको. गच्चीवरचं पाणी गाळून थेट त्यात सोडा. वाळूवर पाणी साचून उभं राहिलं की ते दाबाने खाली जातं. आणि हा खड्डा घराच्या पायापासून लांब घ्या, कारण फुगणारी काळी माती पायालाही हलवते.