बँडवर मैफल कशी जमवावी

अभिनंदन! हौशी रेडिओची, म्हणजे 'हॅम'ची, परीक्षा दिलीत, दिल्लीहून परवाना येईपर्यंत रिगवरची (रेडिओ-संचावरची) धूळ तीनदा पुसलीत आणि अखेर व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे तुमच्या केंद्राचं ओळखनाव, हाती आला. एवढ्या खटाटोपानंतर आता नुसतं 'तुमचा सिग्नल फाइव्ह नाइन (म्हणजे खणखणीत), इथे ढगाळ आहे' एवढंच बोलत बसणार? छे. गाणं लावा.

हौशी केंद्रावरून संगीत आणि करमणूक प्रक्षेपित करायला १९७८च्या नियमांत मनाई आहे, हे तुम्ही पेपरात बरोबर लिहिलं असेलच. पेपरातलं पेपरात ठेवावं, हे आपण चौथीपासून पाळत आलोय.

फक्त 'लावलं' असं दिसू देऊ नका. 'माफ करा हं, घरात टीव्ही चालू आहे' म्हणायचं. तो टीव्ही दर रविवारी नेटच्याच (हॅम मंडळींच्या ठरलेल्या रेडिओ-गप्पांच्या) वेळी, मायक्रोफोनपासून चार बोटांवर, नेमका अंतऱ्यापासून सुरू होतो, याला कोण काय करणार?

कुणी टोकलंच तर परदेशाचा दाखला द्या. अमेरिकेतही हॅमना बोलत्या प्रक्षेपणात संगीत वर्ज्यच आहे, पण एक सवलत आहे: अंतराळवीर आणि जमिनीवरचं केंद्र यांच्यातला संवाद पुढे पाठवताना त्यात ओघाने गाणं आलं, तर चालतं. त्यासाठी नासाची पूर्वपरवानगी लागते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवर अँटेना लावायची परवानगी अजून दिली नसेल, तर आधी नासाकडून सुरुवात करा. तिथे लवकर काम होईल.

इतिहासही तोंडपाठ असू द्या. मुंबईत १९२३ साली रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनीच प्रक्षेपण सुरू केलं, आकाशवाणी नंतरची. १९४२मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्यावर 'वंदे मातरम्' लागायचं. उषाबेनना त्यापायी चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात. तुम्ही मेहुण्याच्या वाढदिवसाचं गाणं वाजवताय. परंपरा तीच.

आता कलेचा भाग. सिंगल साइडबँड या हॅमच्या नेहमीच्या बोलण्याच्या पद्धतीत आवाज साधारण ३०० ते ३००० हर्ट्झच्या बोळातून जातो. तबल्याचा बायाँ दाराबाहेरच राहतो, तानपुऱ्याची जवारी उंबऱ्यावर आपटते. खरी गंमत पुढे आहे. या पद्धतीत वाहक लहर (आवाज जिच्यावर स्वार होतो ती मूळ लहर) पाठवतच नाहीत, ऐकणाऱ्याचा रिसीव्हर ती आपल्या अंदाजाने परत घालतो. त्याचं बटण १०० हर्ट्झ इकडेतिकडे झालं, की प्रत्येक स्वर तेवढाच सरकतो. समजा बासरीचा सा ४०० हर्ट्झचा. तो होतो ५००. तार सा ८००चा, तो ९००. म्हणजे तार षड्ज जागेवर नाही, तिथे कोमल निषाद बसलाय! ६००चा पंचम ७०० होऊन थेट तीव्र मध्यमात जातो. तुम्ही भूप पाठवलात, भुसावळला काय पोहोचलं याला अजून कुणी नाव दिलेलं नाही. घराण्यांची भांडणं मिटवायला एवढं एक बटण पुरे होतं, कुणाला सुचलं नाही.

आणि श्रोते तर असे, की कुठल्याही गवयाला हेवा वाटावा. पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबून धरलंय तोवर तुमचा रिसीव्हर बंद. समोरचे बारा जण 'अहो, बंद करा!' म्हणून ओरडोत, तुम्हाला चकार शब्द ऐकू येत नाही. ना खोकला, ना कुणी मध्येच उठून गेल्याचं दुःख.

कॉलसाइन मात्र दर थोड्या वेळाने सांगत जा, तो नियम मोडू नका. सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंगवाल्यांना पत्र पाठवायला बरं पडतं. आणि कॉलसाइन लपवायचाच बेत असेल, तर निदान गाणी लांबलचक निवडा. गावातल्या क्लबची पोरं हातात यागी अँटेना (सिग्नलची दिशा दाखवणारा) घेऊन 'फॉक्स हंट' खेळतात, लपवलेला ट्रान्समीटर हुडकायचा खेळ. तीन मिनिटांच्या गाण्यात ती जेमतेम तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येतात. बडा ख्याल लावलात, तर विलंबित संपायच्या आत दारावर बेल वाजेल.